सुईआधीची भीती

लेकराला आईपासून तोडून ऑपरेशन थिएटरात नेणं, हे भूलतज्ज्ञाच्या कामातलं सगळ्यात जिकिरीचं काम. हिंगोलीत पूर्वी मीही ते दांडगाईनंच करायचो. एकानं हात धरायचा, दुसऱ्यानं पाय, आणि मी शीर शोधत बसायचो. रडून हातपाय झाडणाऱ्या लेकराची शीर सापडत नाही. मग पुन्हा टोचा.

मध्यंतरी सेनगावकडचं तीन वर्षांचं पोरगं हर्नियाच्या ऑपरेशनला आलं. वजन 12 किलो. माणूस जवळ आला की आईच्या पदरात तोंड खुपसायचं. तिच्या मांडीवरच त्याच्या नाकात मिडाझोलामचा फवारा मारला. किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण अडीच मिलिग्रॅम. एका दाबाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणून पाच दाब, दोन्ही नाकपुड्यांत वाटून. हे औषध झोंबतं, घशात उतरलं की कडू लागतं. पोरगं भडकलं, आज्जीही माझ्यावर डाफरली. पण नाकाच्या आतल्या पातळ अस्तरातून औषध लवकर रक्तात जातं. दहाएक मिनिटांत पदरावरची मूठ सुटली, मान आईच्या खांद्यावर कलली. सिस्टरच्या कडेवर ते न रडता गेलं.

“झोपलं का हो?” आज्जीनं विचारलं.

“नाही आज्जी, नुसती भीती उतरलीय. भूल आत देतो.”

आत मास्कमधून भूल दिली आणि मगच सलाईनची सुई लावली.

हेच औषध साखरेच्या पाकातून पाजताही येतं; पण मात्रा जास्त लागते, असर व्हायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि पोरं थुंकतात. नाकात सोडायचं डेक्समेडेटोमिडिन झोंबत नाही, मात्र त्याला अर्धा तास किंवा जास्तच द्यावा लागतो. सुई नाही म्हणून जोखीम नाही, असं समजू नका. श्वास मंदावू शकतो. म्हणून बोटाला ऑक्सिमीटर, हाताशी ऑक्सिजन आणि मिडाझोलामचा उतारा फ्लुमाझेनिल ठेवूनच हे करायचं.

आईबापांना तीन गोष्टी सांगतो. ऑपरेशनआधी जेवण सहा तास, अंगावरचं दूध चार तास आणि साधं पाणी दोन तास बंद. गुपचूप बिस्किट दिलंच असेल तर लगेच सांगा, कारण उलटी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. सर्दी असेल तर लपवू नका. आणि “रडलास तर डॉक्टर सुई टोचतील” हा धाक घरात घालू नका.