भाच्याचा रेडिओ

ज्या मनुष्यानें गोदावरीहून रुंद पाणी उभ्या जन्मांत चार-पांच वेळांच पाहिलें, त्याच्याकडे शिडाच्या होडीवरचा रेडिओ निवडून देण्याचें काम यावें, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे! पण अलिबागेस असलेल्या माझ्या भाच्यानें दोघां मित्रांच्या भागींत बावीस फुटांची एक जुनी होडी घेतली, आणि पालमला पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मामाला त्याचा फोन आला. त्याच्यामागोमाग बहिणीचा. "दादा, त्याला पाण्यापासून ओढून धरणें माझ्याच्यानें होत नाहीं. निदान त्याची हाक कोणाला तरी ऐकूं जाईल असें कांहीं त्याच्या हातीं दे."

हाकेचें मोल आम्हां भावंडांना ठाऊक आहे. पालमकरांना समुद्र ठाऊक नसला तरी लेंडी नदी ठाऊक आहे. तिला पूर आला कीं पलीकडच्या गांवांचा संबंध तुटतो. आमच्या लहानपणीं एका श्रावणांत वडील असेच पलीकडे अडकले. आई कंदील घेऊन कांठावर उभी होती आणि मी तिचा पदर धरून हाका मारीत होतों. पलीकडेही एक कंदील हलतांना दिसे. तो वडिलांचा कीं दुसऱ्या कोणाचा, हें सकाळपर्यंत कळलें नाहीं. बहीण तेव्हां आईच्या कडेवर होती. तिला यांतलें कांहीं आठवणें शक्य नाहीं. पण आठवतें असें ती म्हणते.

भाच्याची मागणी अर्थातच सर्वांत अधिक शक्तीच्या रेडिओची होती. तरुणांचा वॅटवर फार विश्वास! मीं त्याला सांगितलें कीं, पांचाचे सहा वॅट केल्यानें आवाज फारसा दूर जात नाहीं. ह्या लहरी बव्हंशी सरळ रेषेंत जातात आणि पृथ्वीची पाठ गोल आहे. होडींत उभें राहून रेडिओ पाण्यापासून दोन मीटर उंच धरला, तर त्याचें क्षितिज सुमारें तीन सागरी मैलांवर संपतें. तशीच दुसरी होडी असेल तर सहा मैलांवर ती ऐकेल. उंच डोलकाठीच्या जहाजाला दहा-बारा मैलांवरूनही ऐकूं जाईल. काम उंची करते, वॅट नव्हे.

"मग मामा, मोबाइल काय वाईट?" हा त्याचा पुढचा प्रश्न. मोबाइलवर ज्याचा नंबर ठाऊक त्यालाच हांक जाते. उलट सोळाव्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, जवळून जाणारें अनोळखी जहाजही कान देऊन असतें. त्याला मीं 'रामदास' बोटीची आठवण दिली. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. तीवर बिनतारी यंत्र नव्हतें. एवढ्या मोठ्या शहराच्या दाराशीं ही गोष्ट घडली, तरी शहराला ती कळावयास कित्येक तास लागले. भाचा आपली होडी हांकतो तें हेंच पाणी. तो कांहीं वेळ बोलला नाहीं.

शेवटीं दोन रेडिओ उरले. एक लहान, स्वस्त, खिशांत मावणारा. दुसरा ३०० ग्रॅमांचा, पाण्यांत पडला तर तरंगणारा, आणि झांकणाखालीं तांबडें बटण असलेला. तें दाबून धरलें कीं होडीचा नऊ आंकडी क्रमांक आणि जागा सत्तराव्या चॅनेलवरून आपोआप जाते. बोलण्याचें त्राण नसलें तरी चालतें. मला तोच पसंत पडला. भाचा म्हणाला, "जड आहे, पिशवींत ठेवीन." येथें मात्र मी हट्टास पेटलों. २०१८ सालच्या गोल्डन ग्लोब शर्यतींत अभिलाष टॉमी गोव्यांत बांधलेल्या 'तुरीया' होडींतून एकटे निघाले होते. सप्टेंबरांत दक्षिण हिंदी महासागरांत होडीची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. आणीबाणीच्या पिशवींत हातांत धरण्याचा रेडिओ होता. पण त्या पिशवीपर्यंत त्यांना जातां येईना! तीन दिवसांनीं फ्रेंच जहाजानें त्यांना सोडविलें. रेडिओ असावा तो अंगावर.

३०० ग्रॅम म्हणजे किती, हें अनुभवावें म्हणून मीं तेवढे तांदूळ भरलेली पुरचुंडी एक दिवस छातीशीं बांधून शिकविलें. विद्यार्थ्यांनीं काय तर्क केले असतील ते असोत. दुकानदारानें "परवाना कोण विचारतो?" असें म्हटलें, तेव्हां विचारणारा मीच निघालों; कागदपत्रें होईपर्यंत भाचा माझ्यावर रुसून होता.

रेडिओ प्रथम पालमला आला. मीं तो न्हाणीघरांतल्या हौदांत टाकला. बुडी मारून तो वर आला. रात्रीं गच्चीवर जाऊन सोळावा चॅनेल लावला. समुद्र चारशें किलोमीटरांहून दूर. खरखरीखेरीज कांहीं ऐकूं येणार नाहीं हें मीच वर्गांत शिकवितों. तरीही अर्धा तास बसलों होतों.

भाचा पहिल्यांदा तो घेऊन निघाला त्या संध्याकाळीं बहिणीचा फोन आला. "बांधला होता का रे त्यानें?"

"बांधला होता. पण वांकलें कीं बरगडीला टोंचतो म्हणत होता."

"टोंचूं दे," ती म्हणाली.