ऊब आणि चटका

आमच्या फुलसावंगीत बसायची जागा मुद्दाम गरम करावी लागत नाही. वैशाखात दुपारी ओट्यावर टेकावे आणि दचकून उठावे, हा तिथला शिरस्ता! त्यामुळे मोटारीच्या आसनात विजेची शेगडी असते, हे प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले. पण मुलाकडे मिनियापोलिसला एक हिवाळा काढला, पारा शून्याखाली २० अंश उतरलेला पाहिला, आणि ते हसू थिजले. १९६६ साली कॅडिलॅकमध्ये जादा पैसे मोजून मिळणारी ही चैन तिकडे आता साध्यासुध्या गाड्यांतही असते.

एके दिवशी मुलाच्या गाडीतले, नेमके त्याच्या आईचे, आसन गार पडले. रविवारी तो हत्यारांची पेटी घेऊन बसला. मीही शेजारी स्टूल ओढले.

आसनाच्या कव्हराखाली एक पातळ गादी असते आणि तीत नागमोडी तार शिवलेली. १२ व्होल्टचा प्रवाह गेला की ती तापते. आच ठरावीक झाली की आतलाच एक इवलासा पहारेकरी प्रवाह आवरतो. फ्यूज शाबूत होता. मीटर लावला तर तार तुटलेली. मागचे सामान काढताना आपण आसनावर गुडघा रोवतो ना, त्याचा हा प्रसाद.

"बाबा, दोन टोकं जोडतो. पाच मिनिटांचं काम!"

मला आमच्या गावचा तो वेल्डिंग करणारा तरुण आठवला. त्याने गावातच मारुती ८०० चे इंजिन बसवून हेलिकॉप्टर उभे केले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना त्याचेच पाते लागून तो गेला. त्याला कोणी वेडा म्हटले तर मला राग येतो. असे हात गावोगाव असतात. "थांब, आधी मोजून पाहू" असे म्हणणारा जाणकार मात्र त्यांच्याजवळ क्वचितच असतो.

"तुझ्या आईला मधुमेह आहे," मी म्हणालो. "तिला चटका कळत नाही."

मुलाचा हात थांबला. कच्च्या जोडाशी आच एकवटते. धडधाकट माणूस दचकून उठतो. पण ज्याची कातडी बधिर झाली आहे, तो भाजेपर्यंत बसून राहतो.

मग जोडाचा बेत राहिला. त्याच गाडीसाठी केलेली नवी गादी मागवली. ती बसवण्याआधी बॅटरी सोडवली आणि थोडा वेळ थांबलो, कारण आसनाच्या कुशीतच एअरबॅग दडलेली असते. शेवटी आसनावर तापमापक ठेवून मुलगा स्वतः अर्धा तास बसला.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती त्यावर विराजमान झाल्या. "एवढ्यासाठी दोन रविवार घालवले? एवढ्यात मी चूल पेटवून स्वयंपाक उरकला असता!"

आम्ही बापलेक काही बोललो नाही. चटका बसला तर त्याची बातमी होते; बसला नाही, याची कोणी दखल घेत नाही. काम नीट झाल्याची याहून चांगली पावती कोणती?