रेषेवरचे शब्द

पाठांतराला सरसकट दोष देणे आम्हांस मान्य नाही. पाढे व कविता पाठच असाव्यात. परंतु जीवशास्त्र केवळ पाठ केले, तर मुलांच्या हाती शब्द राहतात आणि सजीव सृष्टी निसटून जाते.

आमच्या धर्मग्रामातील दहावीची मुले सायंकाळी अभ्यासाला एकत्र बसतात. त्यांतील एका हुशार मुलीने प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या आम्हांस अस्खलित म्हणून दाखविली. ‘मग आंब्याच्या एवढ्या थोरल्या खोडाचे लाकूड आले कोठून?’ असे विचारताच ती म्हणाली, ‘मातीतून, फादर!’

व्हॅन हेल्माँट यांचा प्रयोग १६४८ साली प्रसिद्ध झाला. कुंडीतील विलोचे झाड पाच वर्षांत सुमारे १६४ पौंडांनी वाढले. माती मात्र अवघी दोनएक औंस घटली. ते सारे वजन पाण्यातूनच आले, असे त्यांना वाटले. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचा वाटा पुढे उलगडला.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली ‘संकल्पना-नकाशा’ ही पद्धत घडविली. नवे ज्ञान आधीच्या ज्ञानाशी जोडले गेले तरच ते अर्थपूर्ण होते, हा डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार तिच्या मुळाशी आहे. संकल्पना चौकटींत लिहावयाच्या, व्यापक वर आणि विशिष्ट खाली. त्या रेषांनी जोडावयाच्या आणि प्रत्येक रेषेवर संबंध सांगणारा शब्द लिहावयाचा. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना आम्हांस हेच सांगितले जाई: दोन पदे नुसती शेजारी ठेवून विधान होत नाही; ती जोडली, म्हणजेच खरे-खोटे ठरविता येते.

त्या मुलीने नकाशा काढला. ‘माती’पासून ‘अन्न’पर्यंत रेषा, तीवर ‘पुरवते’. ‘कार्बन डाय-ऑक्साइड’ची चौकट कोपऱ्यात एकाकी होती. आम्ही तिच्यावर नुसते बोट ठेवले. बऱ्याच वेळाने तिने तेथून ‘ग्लुकोज’कडे व पुढे ‘लाकूड’कडे रेषा ओढली आणि मातीच्या रेषेवर ‘पाणी व क्षार’ असे लिहिले. व्याख्येतील एकही शब्द बदलला नव्हता. समज मात्र बदलली होती.

शिक्षकांना एवढीच विनंती, की तयार नकाशा फळ्यावर काढून तो उतरवून घेण्यास सांगू नये. तेही पाठांतरच होईल. आणि पालकहो, मुलाच्या वहीतील चुकलेली रेषा पाहून रागावू नका. त्याला काय वाटते, हे त्याने तुम्हांस विश्वासाने दाखविलेले असते.