अळसांद्यांचे माहेर

गोव्यात 'गाडा' म्हटले की डोळ्यांपुढे काय येते, हे गोंयकाराला वेगळे सांगायला नको. दिवेलागणीला पेटणारी शेगडी, रस-आमलेटचा वास, उंड्यांची टोपली आणि उभ्याउभ्या खाणारी चार-सहा माणसे. हॉटेलात माणूस आपल्या ताटाबाहेर बघत नाही. गाड्यावर मात्र मास्तर, मोटरसायकल पायलट आणि बँकेचा मॅनेजर एकाच बाकड्यावर टेकतात. आमच्या हापिसातल्या निम्म्या बातम्या गाड्यावरून येतात आणि उरलेल्या निम्म्या गाड्यावर जातात. म्हणून गोव्याचे खरे सांस्कृतिक केंद्र गाडाच, असे माझे जुने मत आहे. (कला अकादमीवाल्यांनी राग मानू नये!)

तर म्हापशाच्या बाहेर अशाच पाच गाड्यांची एक रांग आहे. नेमकी कुठे, ते सांगत नाही. कारण पुढे येईलच. त्यातला शेवटचा गाडा एका माजी तारवट्याचा. वीस-बावीस वर्षे बोटीवर काढून हा गृहस्थ कायमचा घरी आला तो बायकोला घेऊन. बायको नायजेरियाची, योरुबा समाजातली. सुरुवातीला गाड्यावर इतरांसारखेच रस-आमलेट आणि चिली-फ्राय मिळायचे. मग एके दिवशी फळीवर खडूने लिहिलेले एक नवीन नाव दिसले : 'अकारा'.

मी पाटी वाचत उभा आहे हे पाहून नवरा म्हणाला, "पात्रांव, एक खावन पळयात. रुचलें ना जाल्यार पयशे नाकात."

अशी अट घातल्यावर सरकारी नोकर मागे हटत नाही! बाईने उंडा मधोमध कापला, त्यात दोन गरम अकारे दाबले आणि कागदात गुंडाळून हातात दिला. पहिला घास घेतला आणि मी चक्रावलोच. चव नवीन नव्हती, ओळखीची होती. ओळखीचे माणूस भलत्याच गावात भेटले की जसे होते तसे झाले.

अकारा म्हणजे चवळीचा वडा. चवळी भिजवायची, हातांनी चोळून तिचे साल काढायचे, कांदा-मिरची घालून वाटायची आणि मग ते पीठ हात भरून येईपर्यंत फेटायचे. सोडा नाही, तांदळाचे पीठ नाही, हळदसुद्धा नाही. फेटताना जी हवा आत शिरते, तिच्यावरच वडा फुगतो. बाहेरून कुरकुरीत, आत कापसासारखा. बाई म्हणाली, आमच्याकडे तो लालभडक पामतेलात तळतात. इथे ते तेल परवडत नाही. आणि मिरचीविषयी तिची तक्रार अशी की, इथली मिरची जाळते पण तिला फळासारखा वास नाही. तिकडच्या मिरचीला असतो. लागोससारख्या शहरात लोक सकाळी कामावर जाताना हाच अकारा पावात घालून खातात. म्हणजे त्यांचा वडापावच की हो!

आता चवळी म्हटली की आम्हां गोंयकारांना अळसांदे आठवणार. अळसांदे हे चवळीच्याच जातीतले, आकाराने थोडे मोठे. भातकापणी झाली की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर ते पेरतात. आमच्या घरी सोमवारी नुस्ते वर्ज्य, त्यामुळे अळसांद्यांचे तोंडाक ठरलेले. हे कडधान्य आपल्या इथलेच, असे मी लहानपणापासून धरून चाललो होतो. पण चवळीचे माहेर पश्चिम आफ्रिका! घाना देशात उत्खननात मिळालेले चवळीचे दाणे साडेतीन हजार वर्षांहून जुने आहेत. तिथून ती इसवी सनाच्या पुष्कळ आधी भारतात आली. बाजरीचीही कथा तीच. आजच्या माली देशाच्या परिसरात साडेचार हजार वर्षांपूर्वी तिची शेती सुरू झाली आणि आज देशावरच्या माणसाला बाजरीची भाकरी परकी आहे असे सांगितले तर तो काठी घेऊन धावेल.

बी.ए.ला माझा इतिहास होता. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० साली, हे पाठ होते. पण त्याआधी १४८२ मध्येच त्यांनी आजच्या घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधला होता, ही गोष्ट परीक्षेपुरती वाचली आणि विसरलो. ती आठवली या गाड्यावर. अकाऱ्यानंतर महिनाभराने बाईने 'एबा' केला. कसावा नावाचा कंद किसायचा, वजनाखाली दाबून आंबवायचा, पाणी काढायचे आणि रवा भाजतात तसा भाजायचा. याला म्हणतात गारी. उकळत्या पाण्यात गारी घालून घोटली की घट्ट गोळा होतो, तोच एबा. कंद ती केरळी माणसाच्या दुकानातून आणते. तिथे त्याला कप्पा म्हणतात. आणि मंडळी, एकादशीला आपण जो साबुदाणा खातो, तो तामिळनाडूत सेलमच्या बाजूला याच कंदापासून बनतो! कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आफ्रिकेला नेला. त्यांनीच काजूही ब्राझीलहून इकडे आणला आणि तिकडेही नेला. आज गिनी-बिसाव हा देश जवळजवळ काजूवरच जगतो, तिथेही बोंडांपासून दारू करतात आणि आपल्याकडच्या कारखान्यांत फुटणाऱ्या बियांत आफ्रिकेहून आलेल्या बियाही असतात.

त्याच जहाजांतून माणसेही गेली, पण साखळदंडात. गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या योरुबा लोकांनी अकारा बरोबर नेला. बाहिया प्रांतात त्याचे झाले 'आकाराजे'. तो रस्त्यावर विकणाऱ्या बायकांच्या व्यवसायाला ब्राझील सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवले. हे वाचले तेव्हा मी आमच्या गाडेवाल्याला सांगितले, "तुझ्या बायकोच्या वड्याला तिकडे सरकारी मान्यता आहे." तो म्हणाला, "हांगा पंचायतीची मेळ्ळ्यार पुरो!"

एबाबरोबर भेंड्यांचे सूप. आई भेंड्यांत सोलं घालते, कारण त्यांचा बुळबुळीतपणा जावा. बाईचा सगळा प्रयत्न तो वाढावा असा. तार ओढली जायलाच हवी, नाहीतर सूप फसले. त्यात सुक्या सुंगटांची पूड. सुक्या सुंगटांचा तो वास आला आणि पलीकडच्या गाड्यावरचे दोघे मान वळवून बघू लागले. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या प्रत्येक घरातून येतो तो हा वास! खायचे ते उजव्या हाताने. डाव्या हाताने जेवणे किंवा काही देणे तिकडेही असभ्य समजतात. गोळा तोडायचा, अंगठ्याने खड्डा करायचा, सूप उचलायचे आणि न चावता गिळायचे. मला चावल्याशिवाय जमत नाही. बाई त्यावर अजून हसते.

आणि जोलोफ भात. टोमॅटो, लाल मिरची आणि कांदा वाटून तेल सुटेपर्यंत परतायचे आणि त्या रसात तांदूळ शिजवायचा. तळाला लागलेली खरपूड खास माणसासाठी राखून ठेवतात. नाव सेनेगलमधल्या जुन्या जोलोफ राज्यावरून आले. त्या भाताचा मूळ सेनेगली अवतार मासे घालून करतात. त्याला २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. नायजेरिया आणि घाना यांच्यात कोणाचा जोलोफ चांगला यावर भांडण चालूच असते, आपल्याकडे बार्देश आणि सासष्टीच्या हुमणावरून चालते तसे. या भाताला नायजेरियात पसंती उकड्या तांदळाला. भारतातून उकडा तांदूळ मोठ्या प्रमाणावर पश्चिम आफ्रिकेला जातो. उकड्या शिताच्या पेजेवर वाढलेल्या माणसाला आणखी काय ओळख हवी?

एवढे सगळे आपलेच वाटते, आणि तरी बाई मात्र परकी. इथे जरा थांबावे लागते.

२००७ च्या सुमाराला आम्ही चार मित्र म्हापशाहून फातोर्ड्याला फुटबॉल बघायला जायचो. डेंपोकडे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, चर्चिल ब्रदर्सकडे नायजेरियाचाच ओडाफा ओकोली. डेंपोने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी तीनदा आय-लीग जिंकली, तिन्ही वेळा रँटी संघात होता. त्याने गोल केला की अख्खे स्टेडियम उभे राहायचे. त्यानंतर थोड्याच काळात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, पर्रा येथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. पुढचे दिवस वाईट होते. एका मंत्र्याने त्या लोकांना कर्करोगाची उपमा दिली, मग माफी मागितली. नायजेरियनांना खोल्या देऊ नका, अशी भाषा गावागावांत सुरू झाली. अमली पदार्थांच्या धंद्यात काहीजण सापडले, हे खोटे नाही. पण त्या धंद्यात सापडलेल्या गोंयकाराच्या शेजाऱ्याला कोणी खोली नाकारत नाही.

आणि गंमत बघा, पर्वरीलाच महामार्गालगत वडाखाली खाप्रेश्वराचे स्थान होते. २०२५ मध्ये उड्डाणपुलाच्या कामासाठी ते हलवले, तेव्हा भाविकांचा मोठा विरोध झाला. 'खाप्री' म्हणजे आफ्रिकन माणूस. पोर्तुगीजांच्या 'काफ्र' शब्दावरून आलेला. गोव्यात आणलेले आफ्रिकन गुलाम बहुतेक मोझांबिकचे, म्हणजे पूर्व किनाऱ्याचे. पण आपल्या तोंडी सगळेच खाप्री. लोकपरंपरेने त्यांना मेल्यावर राखणदार केले, त्यांच्यापुढे गाऱ्हाणे घातले. काफ्रेआल कोंबडीच्या नावातही तेच बसले आहेत. देव म्हणून चालतात, कोंबडी म्हणून चालतात, सेंटर फॉरवर्ड म्हणून तर फारच चालतात. भाडेकरू म्हणून चालत नाहीत.

गेल्या वर्षी त्या गाड्याविरुद्ध एक अर्ज आला. फिरत फिरत तो माझ्याच टेबलावर पोचला. (म्हणूनच जागा सांगत नाही.) खाली पंचवीसेक सह्या. कारण : 'सदर गाड्यामुळे रहदारीस अडथळा होतो.' बाईचा किंवा तिच्या देशाचा उल्लेख एका शब्दानेही नव्हता. अर्ज लिहिणारे हुशार असतात. मी यूडीसी माणूस. माझ्या हातात टिपण लिहिण्यापलीकडे काही नाही. पण टिपण हीही एक चीज असते. मी रांगेची लांबी-रुंदी मागवली आणि लिहिले, 'प्रस्तुत ठिकाणी एकूण पाच गाडे एकाच रेषेत उभे आहेत. अडथळा होत असल्यास तो पाचही गाड्यांचा होतो. कारवाई करावयाची झाल्यास ती सर्वांवर समान करावी लागेल.' साहेबांनी वाचले, चष्मा काढला, पुन्हा वाचले आणि 'चर्चा करावी' असा शेरा मारला. सह्या करणाऱ्यांत उरलेल्या चार गाड्यांचे भाऊबंद होतेच. चर्चेला कोणी आले नाही. फाइल विचाराधीन आहे. माझ्या निवृत्तीपर्यंत तरी ती तशीच राहावी, अशी मी व्यवस्था ठेवली आहे.

हे घरी सांगितले तेव्हा आई काहीच बोलली नाही. तिला नायजेरिया म्हणजे पेपरातली बातमी. पुढच्या सोमवारी मी अकारे बांधून आणले. सोमवारी गोव्यात गिऱ्हाईक काय विचारते हे बाईला पहिल्याच महिन्यात कळले होते, त्यामुळे त्या दिवशी मांस-मासळी बंद आणि कढई वेगळी. तेवढी चौकशी झाल्यावर आईने अर्धा वडा मोडून तोंडात टाकला. "हे अळसांद्यांचे वडे न्हय रे?" आणि थोड्या वेळाने, "आलें घालपाक जाय आशिल्लें." आईने पदार्थात खोट काढली म्हणजे तो स्वयंपाकघरात आला, असे आमच्याकडे समजतात.

दोन आठवड्यांनी तिने आपणहून डबा भरला. अळसांद्यांचे तोंडाक, भाजलेल्या नारळाच्या वाटणाचे. मी तो संध्याकाळी गाड्यावर नेऊन दिला. बाईने झाकण उघडले, वास घेतला, बोटाने एक दाणा दाबून बघितला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "एवा!" योरुबा भाषेत चवळीला एवा म्हणतात, हे मला तेव्हा कळले. मग उरलेली गिऱ्हाइके थांबवून तिने तिथेच, उभ्यानेच, उंड्याबरोबर खायला घेतले. अर्धे तोंडाक संपल्यावर तिचा निकाल आला : नारळ चांगला, पण मिरची कमी.

आईला मी तो निकाल जसाच्या तसा सांगितला आहे. पुढच्या सोमवारी काय होते ते बघायचे.