कृष्णाकाठ आणि घरातला वॉकीटॉकी

साताऱ्याहून सांगलीला जाताना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर जरूर थांबावे. येथे कोयना कृष्णेला मिळते. धरणातून सोडलेले पाणी याच वाटेने सांगलीच्या आयर्विन पुलाखाली येते. तेथे 40 फूट ही इशारा पातळी, तर 45 फूट ही धोक्याची. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे दगावली. 12 ऑगस्टची बकरी ईद अनेक कुटुंबांनी घराबाहेरच काढली.

पुरात वीज जाते, मोबाईल बंद पडतात. वॉकीटॉकीला मात्र टॉवर लागत नाही. दोन संच एकमेकांशी थेट बोलतात. आपल्या देशात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त संच विनापरवाना वापरता येतात. हॅम रेडिओसाठी परीक्षा आणि परवाना लागतो.

पण या छोट्या संचाचा आवाज दाट वस्तीत किलोमीटर-दोन किलोमीटरच जातो. गच्चीवरचे अब्बा आणि मशिदीजवळ मदतीला गेलेला मुलगा यांच्यात तो पुरेल; सांगलीतून मिरजेच्या खालाजानपर्यंत पोहोचणार नाही. म्हणून त्यांच्याशी पावसाळ्याआधीच ठरवून ठेवा : पाणी 40 फुटांवर गेले की आम्ही निघालो. मग फोन लागो न लागो, त्या वाट पाहतील.

बॅटरी टिकावी म्हणून प्रत्येक नमाजनंतर फक्त दहा मिनिटे संच चालू करा. ही वेळ घरात कोणालाही वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.