कनोजचें अत्तर

मातोश्रींच्या पश्चात् त्यांच्या पेटींत अत्तराची एक रिकामी कुपी सांपडली. अत्तर हिन्याचें कीं शमाम्याचें, याविषयीं घरांत एकमत होईना. म्हणून गेल्या माघांत प्रयागाहून परततांना वाट वांकडी करून आम्हीं धाकट्या बहिणीसह कनोज गांठलें.

हर्षवर्धनाच्या या राजधानींत आतां वैभव दिसत नाहीं, भट्ट्या मात्र पेटलेल्या आहेत. तांब्याच्या डेगेंत फुलें व पाणी घालून झांकण मातीनें लिंपतात. वाफ वेळूच्या नळींतून पाण्यांत ठेवलेल्या भपका नांवाच्या भांड्यांत उतरते आणि तेथील चंदनाच्या तेलांत गंध मुरतो. कारागीर हातानेंच ऊब जोखतो! चंदन महागल्यामुळें हल्लीं पुष्कळ ठिकाणीं लिक्विड पॅराफिन वापरतात. घेणारानें विचारून घ्यावें.

दुकानदारानें हिन्याचा फाया आम्हां दोघांच्या मनगटांस लावला. वास ओळखीचा, पण आईचा नव्हे. आम्ही उठूं लागतांच तो म्हणाला, "बाबूजी, घंटाभर ठहरिए." अंगाची ऊब व त्वचेची स्निग्धता यांप्रमाणें हलके गंध आधीं उडतात, जड मागें राहतात, कोरड्या त्वचेवर सुगंध लौकर विरतो. त्यामुळें एकच अत्तर दोघांच्या अंगीं सारखें लागत नाहीं.

तासाभरानें आमच्या मनगटावर नुसता औषधी दर्प उरला होता. बहिणीनें आपला हात पुढें केला मात्र, आम्हांस बोलवेना. तीहि हात नाकाशीं धरून तशीच बसून राहिली.

अर्धा तोळा घेतला. कुपी तिच्याचकडे असते.