दोन चाकांमधला दांडा

जुन्या मारुती ८०० खाली वाकून पाहिलं, तर पुढच्या बंपरच्या मागे गाडीच्या रुंदीभर आडवा गेलेला एक गोल पोलादी दांडा दिसतो. दोन्ही टोकांना तो मागे वळतो, एकेका लोअर आर्मच्या भोकातून आरपार जातो आणि तिथं नटाने आवळलेला असतो. हा स्टॅबिलायझर बार. सर्व्हिसिंगच्या बिलावर याचं नाव क्वचितच येतं. सस्पेन्शनचं काम निघालं की शॉकअप, बॉल जॉइंट, टायरॉड एंड असं एकेक बघून झाल्यावर कुणाचं लक्ष गेलं तर याच्याकडे जातं. माझ्या गॅरेजात मी हा क्रम उलटा लावला आहे. जुनी ८०० आली की आधी बार, मग बाकीचं.

त्याचं कारण गाडीच्या बांधणीतच आहे. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते. बाहेरचं चाक बॉडीच्या जवळ येतं, आतलं लांब जातं. दोन्ही टोकं अशी उलट दिशांना गेली की मधला बार ओल्या पंचासारखा पिळला जातो. पिळलेलं पोलाद सरळ व्हायला बघतं आणि तेवढ्या जोराने गाडीचं कलणं कमी होतं. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली, तर मात्र पीळ पडत नाही, बार आपल्या बुशांमध्ये, म्हणजे भोवतीच्या रबरी कड्यांमध्ये, नुसता फिरतो. कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांना अशा बारचं पेटंट १९१९ साली मिळालं. शंभर वर्षांत त्या मूळ कल्पनेत फारसं काही बदललेलं नाही.

८०० मध्ये मात्र बारकडे आणखी एक काम आहे. तिचा लोअर आर्म बॉडीला एकाच ठिकाणी बसवलेला आहे. तो चाकाला आत-बाहेर जाऊ देत नाही, पण पुढे-मागे धरून ठेवणं त्याच्या हातात नाही. ते काम बार करतो. अर्ल मॅकफर्सन यांची स्ट्रटची पद्धत १९५० साली फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर गाड्यांमध्ये आली, तेव्हाही बारवर हीच दोन्ही कामं सोपवलेली होती. भाग कमी, वजन कमी, खर्च कमी. १९८६ साली नव्या आकारात आलेली आणि जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिलेली आपली ८०० त्याच वाटेने गेली. आजच्या अनेक गाड्यांत बार एका लिंकने स्ट्रटला जोडलेला असतो. तिथं लिंक गेली तर खडखड वाढते, गाडी जास्त कलते, तरी चाक जागेवर राहतं. ८०० मध्ये बुश गेला की चाकच जागा सोडायला लागतं. म्हणून लिंकच्या गाड्यांवर चालणारी 'लिंक काढून गाडी फिरवून बघा, आवाज गेला तर लिंकच खराब' ही युक्ती या गाडीवर चुकूनही करायची नाही.

एका निवृत्त सरांची ८०० माझ्याकडे येते. ते म्हणाले, "मिस्त्री, अलाइनमेंट करून करून कंटाळलो. चार दिवस बरी चालते, परत डावीकडं ओढायला लागते."

"सर, ब्रेक दाबल्यावर काही आवाज येतो का?"

"टक्क होतं एकदा. आणि मागं घेताना ब्रेक दाबला की परत एकदा."

या दोन टक्कांवर माझा अर्धा तपास झाला. पुढे जाताना ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ढकलतो. बुश ढिला असेल तर आर्म तेवढा मागे सरकून वायसरवर आपटतो. रिव्हर्समध्ये तेच उलट्या दिशेने होतं. आर्मचं टोक मागे गेलं की कॅस्टर कमी होतो, म्हणजे वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याची ओढ कमी पडते. हे एकाच बाजूला झालं तर गाडी त्या बाजूला ओढते. अलाइनमेंटवाल्याच्या हातात या गाडीत टो, म्हणजे चाकांचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते माप, तेवढं असतं, कॅस्टर बदलायची सोयच नाही. टायरॉड कितीही फिरवले तरी बुशातला खेळ जात नाही. सरांचे पैसे तिथंच वाया जात होते, आणि डाव्या टायरची नक्षी आतून खाल्ली गेली होती ती वेगळीच.

पोराला सीटवर बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितला, दुसऱ्याला गाडी पुढे-मागे हलवायला लावलं आणि मी बॅटरी घेऊन खाली गेलो. उजवीकडे आर्म आणि बार एकत्र हलत होते. डावीकडे बार जागेवर होता आणि आर्म बोटभर मागे जाऊन परत येत होता. ही तपासणी करायला ना मशीन लागतं ना पैसा, तरी ती किती कमी वेळा केली जाते याचं मला वाईट वाटतं.

बार सोडताना दोन्ही चाकं उचललेलीच हवीत. एकच बाजू जॅकवर घेतली तर बारमध्ये पीळ भरलेला राहतो आणि नट निघताक्षणी तो टोकाला झटका देतो. बॉडीखाली दोन्हीकडे घोड्या लावल्या, चाकं काढली, आट्यांवर तेल मारून ठेवलं. आमच्या साताऱ्याच्या गाड्या तशा लवकर खुलतात. कोकणातून वर आलेल्या गाडीचा नट मात्र खाऱ्या हवेने असा धरलेला असतो की त्याला रात्रभर तेल पाजावं लागतं.

उजवीकडे सगळं कारखान्यातून आलं तसंच होतं. खाचांचा नट, त्यातून गेलेली स्प्लिट पिन, जाड आणि मोठ्या घेराचा वायसर. डावीकडे कधीतरी कुणीतरी हात घातलेला होता. खाचांच्या नटाऐवजी साधा नट, पिन नाहीच. एका जाड वायसरच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातले दोन पातळ वायसर एकावर एक, आणि दोन्ही मधोमध दबून वाकलेले. आर्ममधल्या बुशाचं भोक गोल राहिलं नव्हतं, मागच्या अंगाला लांबट झालं होतं. रबराच्या कडेला बोट फिरवलं की काळी मळी सुटत होती. बार बॉडीला धरणाऱ्या पुढच्या क्लॅम्पखाली दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा, मोठ्या भोकाचा बुश होता. तो घट्ट बसावा म्हणून बारवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. इंजिनातून ठिबकलेल्या ऑइलने ती पट्टी फुगून चिकट झाली होती. पट्टी सोलून काढली तर खालचं पोलाद एका जागी आरशासारखं घासलं गेलेलं. व्हर्नियर लावून बघितलं, जाडी कमी झालेली नव्हती. तिथं झीज नखाला लागण्याइतकी असती, तर नवा बुश घालण्यात अर्थ नव्हता, बारच बदलावा लागला असता.

ज्याने हे केलं त्याला दूषण देणं सोपं आहे. तालुक्याच्या गावात, पावसात, गिऱ्हाईक उभं असताना हातात असेल ते लावून गाडी घरी पोचवणं हेही मिस्त्रीचंच काम आहे. पण 'नंतर करू' म्हणून लावलेलं तेच कायमचं होतं, तिथं माझं मन अडतं. अशा गाडीत खरा धोका दिसत नाही. नट आवळलेला दिसतो, बुश जागेवर दिसतो, आणि पिन नसलेला नट रोज थोडा थोडा सैल होत असतो.

क्लॅम्पचा एक बोल्ट बदललेला होता, डोक्यावर कुठलाच आकडा नव्हता. बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ हा नुसता शिक्का नव्हे. त्यातला पहिला आकडा सांगतो की ताण ८०० मेगापास्कलपर्यंत गेल्यावर तो तुटेल, आणि दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, तो कायमचा लांबायला लागेल. आकडा नसलेल्या बोल्टबद्दल यातलं काहीच सांगता येत नाही, म्हणून तो सस्पेन्शनमध्ये राहता कामा नये. आट्यांचंही तसंच. जपानी आराखड्याच्या गाड्यांत १० मिलिमीटरच्या बोल्टला बहुतेक ठिकाणी १.२५ चा आटा असतो. दुकानात नुसता 'दहाचा बोल्ट' मागितला की १.५ चा हातात पडतो. तो एक-दोन फेरे जातो, मग अडतो, आणि पाना लांब असेल तर त्याच जोरावर आत घुसून बॉडीतले आटे खाऊन टाकतो. हाताने चार-पाच फेरे सहज गेले नाहीत तर त्या बोल्टला पाना लावायचाच नाही, हा माझ्याकडे पोरांना शिकवलेला पहिला नियम आहे.

बुश मी पुण्याच्या नाना पेठेतून आणतो. एक बाजू खराब असली तरी दोन्ही बाजूंचे घेतो आणि एकाच मालाचे घेतो. डावीकडे मऊ रबर आणि उजवीकडे कडक असेल, तर ब्रेक दाबल्यावर दोन चाकं वेगवेगळी मागे जाणार, म्हणजे ओढ परत आलीच. कडक नायलॉनचे बुश टिकतात म्हणून काहीजण आग्रह धरतात. आर्मच्या टोकाला मी ते घालत नाही. खड्ड्यात आर्म वर-खाली फिरतो तेव्हा तिथं रबराने वाकून वाट द्यायची असते. वाट मिळाली नाही तर तो वाक बारच्या आटे पाडलेल्या बारीक टोकावर येतो, आणि पोलाद थकून तिथंच तुटायची भीती असते. जाड बार घालून द्या म्हणणारी तरुण मुलंही येतात. त्यांना मी कागदावर हिशोब करून दाखवतो. बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ चा बार घातला, तर जाडी १० टक्के वाढते आणि ताठपणा ४६ टक्के. पुढचा बार असा ताठ केला की वळणावर पुढच्या टायरची पकड आधी सुटायला लागते. घाटात राहणाऱ्या माणसाला हे कळलेलं बरं.

बसवताना मी बुशाच्या भोकात ग्रीस घालत नाही. साध्या ग्रीसने रबर फुगतं. साबणाच्या पाण्याने बुश सरकवला की काम होतं आणि पाणी वाळून जातं. सगळे नट आधी हातानेच बसवतो. मग चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवतो, दोन-तीनदा पुढून दाबून सोडतो आणि तिच्या नेहमीच्या उंचीवर आल्यावर शेवटचं आवळतो. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर रबर त्या अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की जन्मभर पिळलेलं राहतं. बुश सहा महिन्यांत फाटला अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो. खाचेत भोक आलं नाही तर नट थोडा पुढे न्यायचा, मागे कधीच नाही. जुनी पिन सरळ करून परत वापरायची नाही. पाच-दहा रुपयांच्या पिनेसाठी मी कुणाशी वाद घालत नाही, माझ्या डब्यातली घालतो.

काम झाल्यावर सरांना शेजारी बसवून यवतेश्वरच्या घाटात गेलो. चढताना वळणांवर, उतरताना ब्रेकवर. मोकळ्या सरळ जागी स्टिअरिंगवरचा हात सैल सोडून ब्रेक दाबला, गाडी रेषेत थांबली. सरांनी स्वतः घेऊन परत तेच केलं, आणि मागे घेऊनही दाबून बघितलं. आता टो लावून घ्या म्हणून त्यांना अलाइनमेंटला पाठवलं, कारण आर्म जागेवर आल्यावर आधीचं माप चुकीचं ठरतं. महिनाभर गाडी चालली की नट परत तपासायला आणा, असं बिलाच्या मागे लिहून दिलं.